मनगटाचा नेम

"माझी हरकत हाय," विरूपाक्ष म्हणाला आणि त्यानं हातातला कंट्रोलर टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

झालं! भर मे महिन्यातली दुपार, नांदेडचं एक मंगल कार्यालय, आदल्या दिवशी जिथं लग्न लागलं त्याच लाकडी स्टेजवर मांडलेले दोन मोठे टीव्ही, मागं घरघरणारा जंबो कूलर, समोर खच्चून भरलेलं सभागृह. व्हिडिओ गेमचा मराठवाड्याचा अंतिम सामना सुरू होणार, तेवढ्यात बिलोलीच्या ह्या गड्यानं खोडा घातला. जिंकेल तो एकटा राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होता. हरणाऱ्यानं टाळ्या वाजवायच्या आणि घरची वाट धरायची.

दुसऱ्या खुर्चीत रेणापूरची पंचशीला सोनकांबळे बसली होती. वय सव्वीस. लातूरला एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायची नोकरी, आणि संध्याकाळी बसस्टँडजवळच्या गेमिंग झोनमध्ये हा उद्योग. ह्या एका सामन्यासाठी तिनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. हरकत कशाची असणार हे तिला आधीच कळलं.

"ही ताई नेम अंगठ्यानं धरत न्हाई," विरूपाक्ष पंचांना सांगू लागला. "कंट्रोलर हवेत हलवून धरती. जायरो लावून खेळून राहिली. दुपारी जेवताना कळलं मला. हे चालतं का सर? मग आम्ही शाळेत असल्यापासून अंगठे झिजवून राहिलो ते काय येडे म्हणून?"

ज्यांनी हा खेळ कधी हातात धरला नाही त्यांना हे भांडण कळायचं नाही, म्हणून दोन शब्द सांगायला हवेत. टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्राला, म्हणजे कन्सोलला, कंट्रोलर असतो. आपल्याकडं लोक त्याला सरळ रिमोट म्हणून मोकळे होतात. त्यावर उजव्या अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते. दांडी ढकलली की पडद्यावरची बंदूक फिरते. बहुतेक सगळे असाच नेम धरतात. पण कंट्रोलरच्या पोटात आणखी एक सोय असते, तिला जायरो म्हणतात. ती चालू केली की कंट्रोलर हातात जेवढा कलेल तेवढी बंदूक कलते. पंचशीला मोठं वळण दांडीनं घ्यायची आणि बारीक नेम मनगटानं धरायची, म्हाताऱ्या माणसाच्या शिरेत सुई घालताना हात जेवढा हलका ठेवायचा तेवढ्या हलक्या हातानं.

"उद्या कुणी माउस जोडून बसेल, तेबी चालवून घ्याल का?" विरूपाक्ष थांबायला तयार नव्हता. "कन्सोलचा खेळ म्हणजे अंगठ्याचा खेळ. दोघांच्या हातात सारखीच दांडी, म्हणून तर मजा. तिनं हलवाहलवी करायची आन् आम्ही दांडी ढकलत बसायचं, ह्याला काय बरोबरी म्हणायची?"

"बरोब्बर हाय!" अर्धं सभागृह ओरडलं. लातूरकडच्या बाकावरून कुणीतरी उलटं ओरडलं, "आरं, हरायला लागलास का आत्ताच?" आणि मग जो गलका झाला तो कूलरलाही आवरेना.

पंच होते शिवमूर्ती सर, एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे. भला माणूस, कुणाचं मन मोडणं ह्यांना जमायचं नाही. असल्या माणसाला पंच करू नये एवढं तरी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांना कळायला हवं होतं! सरांनी नियम दोनदा चाळले. जायरो चालतो असं त्यात नव्हतं, आणि चालत नाही असंही नव्हतं. सर घामाघूम झाले. ते पंचशीलाजवळ आले, तिच्या हातातल्या कंट्रोलरकडं वाकून बघू लागले, आणि त्यांची नजर तिच्या उजव्या अंगठ्यावर गेली. नख वाकडं उगवलेलं, पेरावर जाड व्रण.

"बेटा, हे काय झालं?"

"काळी-पिवळी जीपच्या दारात सापडला, सर. लई दिवस झाले."

सरांचा चेहरा असा उजळला की जणू जावई पास झाला. "मग आधी बोलायचं नाही का! सोपं झालं की सगळं. तुझ्या अंगठ्याला इजा आहे, तू दांडी नीट चालवू शकत नाहीस, म्हणून तुला जायरोची सवलत. खास सवलत म्हणून जाहीर करतो. विरूपाक्षही काही बोलणार नाही. काय रे?"

विरूपाक्ष अंगठ्याकडं बघून वरमला. "आता तसं असल तर... मग काय बोलू मी?"

सवलत! हा एक शब्द पंचशीलानं जन्मभर ऐकला होता. बारावीनंतर लॅबच्या कोर्सला तिचा नंबर लागला तो खुल्या यादीत, चांगल्या वरच्या मार्कांवर. तरी वसतिगृहात शेजारच्या पलंगावरच्या पोरीनं आडनाव ऐकून पहिला प्रश्न काय विचारावा? "सवलतीतून का गं?" नोकरी लागली ती खाजगी लॅबमध्ये, तिथं कसली डोंबलाची सवलत, तरी मालकाचा भाऊ "तुमचं बरं असतंय" म्हणालाच. दर वेळी ती भांडायची, दर वेळी उत्तर तोंडावर फेकायची, आणि दर वेळी एकटी बसून रडायची. खेळ तिला आवडला तो ह्याचसाठी. पडद्यावर आडनाव दिसत नाही. गोळी लागली तर लागली, नाही तर नाही. आणि आता ह्या भल्या माणसानं तोच शब्द इथंही आणून ठेवला होता, तोही मायेनं, हसत हसत. तिला भयंकर राग आला, आणि रागवायचं कुणावर तेच कळेना.

"मला थोडा वेळ द्या सर," ती म्हणाली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून बाजूच्या खोलीत गेली. वधूपक्षाची खोली होती ती. झेंडूच्या सुकलेल्या माळा अजून भिंतीला होत्या. मागोमाग तिचा थोरला भाऊ आनंदराज आला. तो औसा तालुक्यात ग्रामसेवक. त्याच्यामागं शिवांगी, लॅबच्या काउंटरवर बसणारी, पंचशीलाची मैत्रीण.

"घेऊन टाक," आनंदराज आत येता येताच म्हणाला. "इचार कसला करायलीस?"

"दादा, नको वाटायलंय."

"का पण? मी न्हाई का घेतली? राखीव जागेवर लागलोय मी, छाती काढून सांगतो गावभर. हक्क हाय तो आपला, बाबासाहेबांनी मिळवून दिलेला. कुणाच्या बापाची भीक न्हाई. त्यात लाजायचं काय?"

"लाजायलंय कोण? तुझा हक्क खरा हाय दादा. मी बी भांडते त्याच्यासाठी, तुला ठाव हाय. पण हे खोटं हाय."

"खोटं कसं? मीच न्हेलं व्हतं की तुला दवाखान्यात! अंगठ्याचा पार चेंदा झाला व्हता."

"झाला व्हता. आता चांगला हाय." पंचशीला खाली बघत बोलत होती. "पहिलं सहा महिनं वाकतच नव्हता, तवा जायरो लावला, हे खरं. लावावाच लागला. मग व्यायाम करून करून अंगठा परत आला. मी पुन्हा दांडीनं खेळून बघितलं, महिनाभर, कुणाला न सांगता. जमायलं व्हतं. पण मनगटानं माझा नेम जास्त चांगला लागतो, म्हणून मी परत मनगटाकडं आले. अंगठा लोखंडाचा असता तरी मी अशीच खेळले असते. सरांना काय सांगू मग? मला दांडी चालवता येत न्हाई म्हणू?"

आनंदराजला हे ठाऊकच नव्हतं. पण गप्प बसणारा तो नव्हेच. "बरं, मग नको सांगू काहीच! त्यांनी अंगठा बघितला, त्यांनी ठरवलं. तू खोटं बोललीस का? न्हाई. गुमान बस आन् खेळ. पुण्याला जायचं हाय का न्हाई तुला?"

"जायचं हाय," पंचशीला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "लई जायचं हाय दादा. पण ह्या शिवांगीकडं बघ. हिचे दोन्ही अंगठे ठणठणीत. माझं बघून जायरो शिकली, पुढच्या वर्षी उतरणार हाय. आज मी अंगठा पुढं करून खेळले, तर जायरो म्हंजे अंगठा तुटलेल्यांचं औषध, असंच ठरतंय. उद्या हिला काय सांगतील? आधी दारात बोट घाल, मग ये?"

"ताई, माझं सोडा हो," शिवांगी काकुळतीला आली. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. तुम्ही आजचं बघा."

सगळेच तिच्या भल्याचं बोलत होते, हीच तर पंचाईत होती. एखादा वैरी समोर असता तर पंचशीला केव्हाच तुटून पडली असती. तिनं तोंडावर पाणी मारलं, ओढणीला हात पुसले आणि बाहेर आली. काय बोलायचं हे पायऱ्या चढेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं.

स्टेजवर सर माईक हातात घेऊन उभेच होते. पंचशीलानं माईक मागितला आणि उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला. अंगठा वाकवला. करंगळीच्या मुळाला टेकवला. पुन्हा ताठ केला. पुन्हा वाकवला.

"माझा अंगठा चांगला हाय," ती म्हणाली. "दिसायला वाकडा हाय, पण सगळं काम करतो. मला सवलत नको, सर. ज्याला खरंच लागती त्याला जरूर द्या. मी घेतली तर त्याची जागा खाल्ल्यावाणी व्हईल. आता जायरोचा न्याय करा. माझ्या अंगठ्याचा नको."

खाली आनंदराजनं कपाळावर हात मारला. मारणारच! सुटायची एकच वाट होती, ती बाईनं भर सभेत आपल्या हातानं बंद केली. आता सरांनी जायरो बंद म्हटलं की संपलं. ज्या दांडीनं वर्षभर बारीक नेम धरला नाही तीच धरून विरूपाक्षपुढं बसायचं, म्हणजे हरायलाच बसायचं.

"मग तर बंदच करा!" विरूपाक्ष उसळला. मघाची दया कुठल्या कुठं गेली. "अंगठा धडधाकट असून हलवाहलवी कशाला? नाचायला आलो का आपण?"

पोरं खो-खो हसली. पंचशीलाची कानशिलं तापली. ती त्याच्याकडं वळली.

"विरूपाक्ष, तुझ्या कंट्रोलरला असिस्ट चालू हाय का बंद?"

"चालू हाय. सगळ्यांचाच असतो."

"माझा न्हाई. ह्या खेळात जायरो लावला की असिस्ट आपोआप बंद होतो. इचार सरांना." मग ती सभागृहाकडं वळली. "असिस्ट म्हंजे काय हे ठाव हाय ना सगळ्यांना? नेम माणसाच्या जवळपास गेला की यंत्रच बंदूक ओढून त्याच्यावर न्हेतं. थोडंसंच. पण न्हेतं. माझी गोळी बोटभर चुकली तरी चुकली. ह्याची बोटभर चुकली तर यंत्र सांभाळून घेतं. मला बोल लावायलास, लाव. पण आत्ता ह्या घडीला सवलत कुणाची चालू हाय रे? माझी का तुझी?"

हसू थांबलं. खाली बसलेल्या आनंदराजनं हळूच मान वर केली.

खरं सांगायचं तर विरूपाक्षचा ह्यात काही गुन्हा नव्हता. ती मदत खेळाबरोबर चालू होऊनच येते. कित्येकांना ती आहे हेच माहीत नसतं. जे पहिल्या दिवसापासून मिळतं ते मदत वाटतच नाही, आपलाच नेम वाटतो. त्यात मुद्दाम केलेलं काही नसतं. पण आता चारचौघांत विचारलं गेलं होतं आणि विरूपाक्षचे कान लालबुंद झाले होते.

शिवमूर्ती सर घाईघाईनं मधे पडले. "हे बघा, भांडू नका. दोन्ही असू द्या. त्याला असिस्ट, तिला जायरो. फिट्टम्फाट."

"न्हाई," विरूपाक्ष म्हणाला.

"अरे, मग काय बंद करू? जायरो?"

"असिस्ट बंद करा. माझा."

"वेडा आहेस का? सराव नाही तुला त्याचा!"

"बंद करा म्हणलं ना सर! तिला लावू द्या जायरो. माझा अंगठा आन् तिचं मनगट. मधी कुणी नको. हिला आडवून जिंकलो आन् वर यंत्राच्या जिवावर जिंकलो, तर बिलोलीत तोंड कसं दाखवू मी?" त्यानं सेटिंग उघडून स्वतःच असिस्ट बंद केला आणि खुर्चीवर आदळला. पंचशीलाला त्या क्षणी तो पहिल्यांदा आवडला. आणि पहिल्यांदाच त्याची भीतीही वाटली.

सामना समोरासमोरचा. एक विरुद्ध एक, जो आधी सात डाव जिंकेल तो पुण्याला. पडद्यावर पडक्या गिरणीसारखी एक इमारत, खांब, जिने, आणि दोघांच्या हातात बंदुका.

पहिले डाव म्हणजे नुसती कत्तल. विरूपाक्षचा नेम माणसावर थांबेचना. वर्षानुवर्षं यंत्र जिथं बंदूक धरून ठेवायचं तिथं आता धरायला कुणीच नव्हतं. दांडी ढकलली की बंदूक माणसाला ओलांडून पार भिंतीवर जायची. पंचशीला मात्र श्वास रोखून मनगट एवढंसं कलवायची आणि ठो! चार-शून्य झालं. बिलोलीची पोरं मान खाली घालून बसली. शिवांगी खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती. पाच-एक. पंचशीलाच्या मनात पुणं आलं, आणि तिनं स्वतःलाच दटावलं, गप गं, आत्ताच नको.

मग त्या पोरानं काहीतरी वेगळंच सुरू केलं. अंगठ्यानं नेमाचा पाठलाग करणं त्यानं सोडूनच दिलं. दांडी अगदी थोडी हलवून बंदूक एका जागी धरायची, आणि डाव्या हातानं पावलं टाकत स्वतःच आडवं सरकायचं, म्हणजे समोरचा माणूस आपोआप नेमात येतो. अवघड काम, पण बेट्याला साधलं. पाच-दोन. पाच-तीन. पंचशीलाच्या तळहाताला घाम सुटला.

तेवढ्यात कार्यालयाच्या माणसानं खेळ थांबवायला सांगितलं; कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि स्टेजवर नुसती भट्टी झाली होती. बादल्या आल्या. पंचशीलानं कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात पुसले, पाणी प्यायली. कूलर पुन्हा सुरू झाला. खेळ पुन्हा सुरू झाला. आणि तिची बंदूक आपोआप डावीकडं सरकू लागली.

आधी तिला वाटलं हात थरथरतोय. तिनं मनगट घट्ट धरलं. बंदूक तरी सरकतच होती. त्यात डाव गेला, पाच-चार. पुढचा गेला, पाच-पाच. आणि मग तिच्या ध्यानात आलं, आणि स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली. कंट्रोलर खाली ठेवला की जायरो समजतो, ही माझी स्थिर जागा. हिनं तो ठेवला होता कूलरला लागून असलेल्या टेबलावर, लाकडी स्टेजवर, जिथं फळ्यांसकट सगळं थडथडत होतं. त्या थडथडीलाच तो स्थिर समजून बसला होता. लातूरच्या गेमिंग झोनमध्ये नव्या पोरांना ही गोष्ट ती स्वतः बजावायची!

तिनं पंचांची परवानगी घेतली, पायऱ्या उतरली, कंट्रोलर खालच्या फरशीवर ठेवला, जायरो बंद करून पुन्हा चालू केला. सभागृह कुजबुजत होतं. वर आली तेव्हा बंदूक जागच्या जागी होती. पुढचा डाव तिनं घेतला, सहा-पाच. त्याच्या पुढचा त्यानं घेतला. सहा-सहा.

शेवटचा डाव. आता कुणी ओरडत नव्हतं, कूलरचाच काय तो आवाज. पंचशीला जिन्याच्या वर खांबाआड बसून राहिली. वाट बघणं हे तिचं बळ होतं. खालून पावलांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. तिनं श्वास रोखला. विरूपाक्षचा खांदा दिसला, मग डोकं, आणि तिनं मनगट कलवलं. नेम बसला, अगदी बसला होता. तिनं गोळी झाडली त्याच क्षणी त्यानं पाऊल बाजूला टाकलं. ती चुकली, पुन्हा नेम घ्यायला एक पापणी लवण्याएवढा वेळ लागला, आणि तेवढ्यात त्याची गोळी आली. पडदा लाल झाला.

बिलोलीकडची पोरं स्टेजवर चढली. विरूपाक्षला कुणी उचललं, कुणी पाठीत गुद्दे घातले. पंचशीला खुर्चीतच बसून होती. रडू आलं, ते तिनं दाबलं नाही. दोन्ही हातांत कंट्रोलर धरून ती सगळ्यांसमोर रडली. इतकं वाईट तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

आनंदराज धावत तिच्याजवळ आला. "कूलरमुळं झालं हे! दोन डाव फुकट गेले. हरकत घे, पुन्हा खेळवायला लाव!"

"कंट्रोलर मीच ठेवला व्हता तिथं, दादा," ती म्हणाली. "आन् शेवटच्या डावात कूलर न्हवता आडवा."

बक्षीस द्यायला मंडळाचे अध्यक्ष आले. ते येतात तेव्हा कार्यक्रम संपत आलेला असतो, ही त्यांची पद्धतच. दारातच त्यांच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, तेही अर्धवट. विरूपाक्षला चषक देऊन झाल्यावर त्यांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. "आणि मित्रहो, दिव्यांग असूनसुद्धा, हाताला अंगठा धड नसतानासुद्धा, जी आपली बहीण इतक्या जिद्दीनं लढली, तिच्यासाठी जोरदार टाळ्या! मंडळानं ठरवलंय, आमच्या ह्या बहिणीला जिद्द पुरस्कार. आणि एक खास बाब म्हणून, पुण्याला ह्या वर्षी आपण दोन खेळाडू पाठवणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आणि नारळ घेऊन कुणीतरी पुढं आलं. शिवमूर्ती सर आनंदानं मान डोलवत होते. मघा तिनं सगळ्यांसमोर अंगठा वाकवून दाखवला होता, ते ह्या घटकेला कुणाच्याही डोक्यात नव्हतं. खाली शिवांगी हात जोडून उभी होती, घ्या ताई, घ्या. विरूपाक्ष पंचशीलाच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "घ्या ना. पुण्यात परत भिडू आपण. खरंच." तो मनापासून बोलत होता.

पुणं एवढं जवळ आलं होतं की हात पुढं केला की झालं. तोंड उघडायचीही गरज नव्हती. फक्त मान वाकवायची, शाल अंगावर येऊ द्यायची. शाल खांद्यापर्यंत आली तेव्हा तिनं ती हातानं थांबवली.

"मला पुण्याला जायचं हाय," ती माईकमध्ये म्हणाली. नाक वाहत होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं. "इथल्या कुणाहीपेक्षा जास्त जायचं हाय. पण मी हरलेय. हा चांगला खेळला, म्हणून मी हरलेय. अंगठ्यामुळं न्हाई, कूलरमुळं न्हाई. जिंकले असते तर ते माझं एकटीचं व्हतं, मग हरणं बी माझंच ऱ्हाऊ द्या. त्याच्यावर शाल घालू नका, अध्यक्षसाहेब. पाया पडते."

अध्यक्ष शाल हातात घेऊन तसेच उभे राहिले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. पंचशीला पायऱ्या उतरली, आणि पायथ्याशीच एका वार्ताहरानं तिला गाठलं. वही काढून, मान वाकडी करून, मायेच्या आवाजात त्यानं विचारलं, "ताई, कोणता अंगठा अधू आहे आपला? आणि कधीपासून?"

पंचशीला तोंड उघडायच्या आतच आनंदराज पुढं झाला. दुपारपासून तिच्याशी भांडून भांडून त्याचा आवाज बसला होता. त्यानं बहिणीची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या माणसाच्या वहीवर बोट टेकवलं.

"दोन्ही अंगठे ठणठणीत हायत," तो म्हणाला. "हरली माझी बहीण. सात-सहानं हरली. तेवढंच लिहा."